माझ्या अंगावरचा शेंदूर

मित्रांनो, मी एक जुना दांडा आहे. लोखंडाचा नव्हे, पोलादाचा. हा फरक सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण गावात बरीच वर्षं मला पहार समजण्यात आलं आणि पहारीशी माझं कसलंही नातं नाही. पहार जमिनीत जाते. माझं काम जमिनीवरून वर जाण्याचं. दोन्ही टोकांना वजनाच्या चकत्या चढवायच्या, मधोमध दोन हातांनी धरायचं आणि डोक्याच्या वर न्यायचं, एवढ्यासाठी मला घडवलं आहे. खेळातले लोक मला बार म्हणतात. तुम्हीही म्हणा.

माझा जन्म मेरठच्या एका कारखान्यात झाला. तिथे मला तापवलं, ओढलं आणि इतकं सरळ केलं की तेव्हापासून मला सरळ माणसंसुद्धा जराशी वाकलेली दिसतात. मग एका यंत्राने माझ्या अंगावर बारीक चौकटी कोरल्या. बोट फिरवाल तर कानशीसारखं खरखरीत लागेल. ही खरखर म्हणजे माझा दागिना. उचलणाऱ्याचा घामट हात तिच्यात रुततो आणि सुटत नाही. टोकांना गोल फिरणाऱ्या नळ्या बसवल्या, म्हणजे चकत्या गरगरल्या तरी मधला मी शांत. शेवटी माझं वजन करून ठसा मारला : पंधरा किलो. पुरुषांचा बार वीस किलोचा असतो आणि जाड असतो. मी सडपातळ. मी महिलांचा बार आहे. हे सांगताना मला आज अभिमान वाटतो. तेव्हाही वाटत होता, पण त्या वेळी तो वाटणारा मी एकटाच होतो.

झालं असं, की खर्डा गावच्या तालमीने कुठल्याशा योजनेतून पुरुषांचा बार मागवला होता आणि टेम्पोतून उतरलो मी. तालमीचे प्रमुख वैजनाथ अण्णा. जुने पैलवान, कान कुस्तीत मोडलेले, आणि मान कुठे संपते व डोकं कुठे सुरू होतं याचा वाद अजून मिटायचा आहे असा देह. त्यांनी मला एका हाताने उचललं, उन्हात धरलं आणि विचारलं, "काय रं, टेम्पोवाल्या? काडी पाठवली का काय?"

"अण्णा, कागदावर लिव्हलंय, बायकांचा हाय."

"मग बायकांकडं द्या की!"

तालमीत बाई कुणी नव्हती. त्यामुळे मला कुणाकडेच देण्यात आलं नाही.

पुढची वर्षं मी समाजसेवेत घालवली. लग्नाच्या मांडवाला टेकू म्हणून उभा राहिलो. चाऱ्याच्या गंजीवरची ताडपत्री उडू नये म्हणून तिच्यावर आडवा पडलो. गावजेवणात डाळीच्या कढईच्या कड्यांतून मला घालायचे आणि दोन गडी मला खांद्यावर घेऊन पंगतीकडे निघायचे. मेरठला मला सांगितलं होतं की एक दिवस तुझ्यावर शंभर-दीडशे किलो चढतील. चढले. पण डाळ होती.

मग शाळेत गोरक्षनाथ सर आले. खेळाचे शिक्षक, मूळचे कर्जतचे, बोलायला मऊ आणि ऐकायला बहिरे; म्हणजे नको म्हटलेलं त्यांना ऐकू येत नसे. त्यांनी मला ताडपत्रीवर पाहिलं आणि आपल्या शर्टाच्या बाहीने माझा ठसा पुसून वाचला. मग ते चाऱ्याच्या गंजीवरच खाली बसले. आयुष्यात मला इतक्या आदराने कुणी वाचलं नव्हतं.

तालमीशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये सरांनी फळ्या टाकल्या, त्यांवर जुन्या रबराचे पट्टे ठोकले आणि शाळेतल्या मुलींना बोलावलं. अण्णांनी शेड दिली, पण तोंड वाकडं करून.

आलेल्या मुलींत पंकजा होती. तिचे वडील बिभीषण आणि आई रंगुबाई दर वर्षी दसरा झाला की ऊसतोडीला जात आणि उन्हाळ्यात परत येत. पंकजा लहान असल्यापासून त्यांच्याबरोबर जायची. शाळा तिकडची थोडी, इकडची थोडी, असं करत ती दहावीपर्यंत पोचली होती. अंगाने काही धिप्पाड नव्हती. पण चालताना तिची मान अशी ताठ असायची, की अण्णासुद्धा एकदा वळून बघायचे.

सरांनी तिला स्नॅच शिकवायला घेतला. स्नॅच म्हणजे मित्रांनो, जमिनीवरून एका दमात थेट डोक्याच्या वर, हात सरळ. मध्ये थांबा नाही. सर म्हणाले, "पंकजा, एका झटक्यात वर घे."

तिने घेतलं. मी गुडघ्यावरून, कमरेवरून, छातीवरून सुटलो आणि वर जाऊन अलगद तिच्या डोक्यावर टेकलो. तिने मान जराशी डोलवून माझा तोल धरला आणि मला घेऊन शेडच्या दाराकडे चालू लागली.

"अगं, कुठं चाललीस?" सर ओरडले.

"ट्रॉलीत टाकायला," ती सवयीने म्हणून गेली आणि जीभ चावून थांबली.

"डोक्यावर का ठेवलास?"

"सर, वझं डोक्यावरच ठिवत्यात की. हातावर कोन ठिवतं?"

बाकीच्या मुली हसून लोळल्या. सर मात्र हसले नाहीत. उसाची मोळी उचलायची, डोक्यावर घ्यायची आणि फळीवरून ट्रॉलीत चढायचं, हे त्या मुलीच्या हाडात बसलं होतं. मेरठच्या कारखान्यात मला हे कुणी सांगितलं नव्हतं, पण मला त्या दिवशी कळलं की आपण योग्य गावी उतरलो आहोत.

डोक्यावरून मला आणखी वर, सरळ हातांवर न्यायला तिला पूर्ण पावसाळा लागला. कारण स्नॅचची गंमत अशी आहे, की उचलणारा मला शेवटपर्यंत वर ओढत नाही. तो मला जोरात वर उडवतो आणि मी हवेत आहे तेवढ्यात स्वतः खाली बसून माझ्याखाली शिरतो. त्या एका क्षणी माझं वजन कुठे जातं, मला अजून कळलेलं नाही. पंधरा किलो असो की पन्नास, त्या क्षणी मी कुणाचाच नसतो. त्या क्षणासाठी मी डाळीची सगळी वर्षं माफ केली आहेत.

याच सुमारास माझ्या शेजारी एक लाकडी खोका राहायला आला. त्याचं काम एकच, मुलींनी त्याच्यावर उड्या मारायच्या. वर उडी, खाली उडी, आणि खाली पाय टेकतोय न टेकतोय तोच पुन्हा वर. याला प्लायोमेट्रिक्स म्हणतात. नाव खोक्यापेक्षा मोठं आहे, पण खोका स्वभावाने साधा. एवढे पाय अंगावर घेऊन कधी कुरकुरला नाही. मी मात्र त्याच्याशी थोडं अंतर राखूनच वागायचो. शेवटी तो बाभळीचा, मी पोलादाचा.

अण्णांना त्या उड्या पटेनात. ते शेडच्या दारात उभे राहून म्हणाले, "मास्तर, ही काय माकडं पाळलीत का? उड्या मारून ताकद येती व्हय? पाचशे बैठका काढू द्या की."

"अण्णा, ताकद आहेच त्यांच्यात. ती एका क्षणात बाहेर काढायला शिकवतोय."

"म्हंजी?"

"तुम्ही ढाक मारायचात, तेव्हा हळूहळू मारायचात का?"

ढाक हा कुस्तीतला त्यांचा आवडता डाव. समोरच्याला पाठीवरून असा फेकायचा, की आकाश दिसल्यावर त्याला कळावं की आपण पडलो. हळूहळू मारलेली ढाक ही ढाक नसते, ती मिठी असते. अण्णा आत आले, एका पोत्यावर बसले आणि अंधार पडेपर्यंत पंकजाच्या उड्या बघत राहिले. दुसऱ्या दिवसापासून त्या पोत्यावर दुसऱ्या कुणी बसायचं नाही असा नियम झाला.

भाद्रपद संपत आला आणि बिभीषण शेडमध्ये आले. टोपी हातात घेऊन सरांना म्हणाले, "सर, पुन्याच्या मॅडम येनार हायत म्हनं. पोरगी त्यांना पटली, त्यांच्या हॉस्टेलात घेतली, तर मी आडवा येनार न्हाई. न्हाई घेतली, तर ती आमच्यासंगं. दसऱ्याच्या तिसऱ्या दिशी ट्रॅक्टर निघतोय."

"बिभीषणभाऊ, इथं राहून करेल की ती सराव."

"मागं घरात कोन हाय? कुलूप! पोरगी कुलपापाशी ठिवून आमाला तिकडं झोप लागंल व्हय?"

बिभीषणच्या बोलण्यात चूक नव्हती. पंकजा कोपऱ्यात चकत्या लावत होती. तिने मान वर केली नाही. पण त्या दिवशी तिने मला पकडलं, तेव्हा तिच्या बोटांची पकड वेगळी होती. माणसं बोलून सांगतात. मला हातांवरून कळतं.

अखेर दिवस ठरला. खेळाडू मुलींच्या वसतिगृहासाठी निवड करणाऱ्या अश्विनी मॅडम दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी येणार होत्या. पंकजाने पन्नास किलोचा स्नॅच करून दाखवायचा. तीन संधी. तो ती सरावात बहुतेक वेळा करत असे. सर निश्चिंत मनाने सणाला कर्जतला गेले.

आणि खंडेनवमीला माझा सन्मान झाला.

मित्रांनो, आमच्याकडे त्या दिवशी ज्याच्यावर पोट चालतं, ज्याच्यावर नाव चालतं, त्या सगळ्याची पूजा होते. कोयते, नांगर, मोटारसायकली, शिलाई मशीन. तालमीत मारुतीपुढे गदा आणि मुदगल मांडतात. त्या सकाळी वैजनाथ अण्णा शेडमध्ये आले, मला दोन्ही हातांनी उचललं आणि तालमीत नेऊन गदेच्या शेजारी ठेवलं. एके काळी काडी म्हणून हिणवलेला मी, आज गदेच्या शेजारी! मग अण्णांनी तेलात शेंदूर कालवला, मारुतीला लावला आणि उरलेला सगळा, वाटी निपटून, माझ्या अंगाला चोळला. कुठे एक बोटभर जागा सोडली नाही. चोळता चोळता पुटपुटत होते, "देवा, पोरीला हात दे." गळ्यात झेंडूची माळ घातली. मी भगवा झालो. एवढा देखणा मी आयुष्यात दिसलो नव्हतो.

फक्त एक झालं. माझी खरखर, माझा दागिना, तेला-शेंदराखाली बुजून गेला. मी साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत झालो. अण्णांचं पैलवानी आयुष्य मातीत गेलेलं, तिथे हाताला तेल लागलं तर माती लावायची. दांड्याला पकड लागते हे त्यांच्या गावीही नव्हतं.

दसरा गेला. चाचणीच्या सकाळी सर मॅडमना घेऊनच आले. शेडमध्ये अर्धं गाव. बिभीषण भिंतीला टेकून, रंगुबाई बायकांच्या घोळक्यात, अण्णा पोत्यावर, डोक्याला कोरा करकरीत फेटा. अश्विनी मॅडम स्वतः एके काळी वजन उचलणाऱ्या. त्यांच्या तळव्यांवरचे घट्टे मी लांबूनच ओळखले. आधी त्यांनी पंकजाच्या उड्या बघितल्या. खोक्यावर ती अशी चढली, की मॅडमनी शेजारच्या मुलीला विचारलं, "ही रोज असंच करते?" मुलगी म्हणाली, "रोज जरा जास्त करती. आज लाजतीय." खोक्याची छाती फुगली. लाकूड फुगतंच.

मग अण्णांनी मला समारंभाने आणलं. सरांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. पण बोलणार काय? सर्वांदेखत देवाच्या शेंदराला नाव ठेवायचं? सरही याच मातीतले.

पंकजाने मला वाकून नमस्कार केला आणि पकडलं. मी मांडीपर्यंत आलो आणि ज्या क्षणी तिने झटका दिला, त्याच क्षणी तिच्या मुठीतून निसटलो. धाडकन खाली. एक संधी गेली.

सरांनी खडूची भुकटी पुढे केली. तिने तळहात पांढरे केले. खडू आणि तेल एक झालं आणि त्याचं शेंदरी पिठलं तयार झालं. दुसऱ्या वेळी मी छातीपर्यंत गेलो, वाकडा झालो आणि तिच्या मागे जाऊन आदळलो. दुसरी संधी गेली.

मॅडम पुढे आल्या. त्यांनी पंकजाचा हात उलटा केला आणि दचकल्या. "अगं, रक्त?"

"न्हाई मॅडम. शेंदूर."

"मग पुसा ना! पुसायला काय झालंय?"

शेडमध्ये कुणी हललं नाही. सरांच्या हातात टॉवेल होता, तो तसाच राहिला. देवाला लावलेला शेंदूर पुसायचा? मॅडमनी पंकजाकडे बघितलं. पंकजा खाली बघत म्हणाली, "मी न्हाई पुसनार. तसाच उचलते."

बिभीषण भिंतीपासून म्हणाले, "जाऊ द्या मॅडम. देवाच्या मनात नसंल."

तेव्हा बायकांच्या घोळक्यातून रंगुबाई पुढे आल्या. डोईवरचा पदर सारखा केला आणि थेट अण्णांसमोर उभ्या राहिल्या. गावात अण्णांसमोर असं कुणी उभं राहत नसे.

"अण्णा, शेंदूर कुनी लावला?"

"म्या लावला. माझ्या हातानं. तुझ्याच पोरीसाठी लावला!"

"ठावं हाय. म्हनून तर तुमच्याम्होरं आले. घट बसवतो त्यानंच उठवायचा आसतो. तुमी बसवला, तुमीच उठवा. दुसऱ्या कुनाचा हात चालत न्हाई."

अण्णांचे मोडलेले कान लाल झाले. मला वाटलं, आता ओरडतील. मग ते पोत्यावरून उठले, गुडघे धरत माझ्यापाशी खाली बसले आणि कोरा करकरीत फेटा डोक्यावरून उतरवला. टक्कल उघडं पडलं. ते गावाने प्रथमच पाहिलं, पण हसायची कुणाची प्राज्ञा नव्हती.

"राख आना," अण्णा म्हणाले. "आन् तारेचा बुरूश."

राख आली. त्या म्हाताऱ्या पंजांनी मला अशा ताकदीने घासलं, की मेरठच्या यंत्राची आठवण झाली. माझी एकेक चौकट मोकळी होत गेली. फेट्याने शेवटचा हात फिरवून त्यांनी बोटांनी मला चाचपलं. खरखर लागली, तसे म्हणाले, "हांऽऽ! ही भानगड हाय व्हय!" मग शेंदराने माखलेला तो फेटा शेजारच्या तालमीत नेऊन त्यांनी मारुतीच्या पायाशी ठेवला. "तुजं तुला," ते मारुतीला म्हणाले, "आन् पोरीचं पोरीला." एवढं बोलून बोडक्या डोक्याने परत येऊन पोत्यावर बसले.

तिसरी संधी. पंकजाने हात धुतले, नवा खडू लावला आणि मला पकडलं. मित्रांनो, काय सांगू! तिचा तळवा माझ्यात रुतला आणि मी तिच्यात रुतलो. नडग्यांवरून वर आलो, मांडीला लागलो आणि खोक्यावर केलेल्या सगळ्या उड्या एकदम तिच्या पायांतून माझ्या अंगात शिरल्या. मी उडालो. तो क्षण आला. माझं वजन गेलं. ती खाली शिरली, मी वर थांबलो, आणि तिचे हात माझ्याखाली दोन खांबांसारखे सरळ. मग ती उठली. सावकाश, मान ताठ, डोळे समोर. मी शेडच्या पत्र्याखाली आडवा, थरथरत नव्हतो. वरून सगळं गाव मला दिसत होतं.

"खाली," मॅडम म्हणाल्या. आणि पंकजाने मला खाली सोडल्यावर, चकत्या अजून उसळत असताना, सरांना म्हणाल्या, "हिचे कपडे भरायला सांगा."

रंगुबाईंनी आधी पदर तोंडाला लावला आणि मग बिभीषणना म्हटलं, "देवाच्या मनात न्हवतं म्हनं!" बिभीषण टोपीच्या आत बघत उभे राहिले. त्या टोपीत काय दिसत होतं, त्यांचं त्यांना ठाऊक.

ठरल्या दिवशी ट्रॅक्टर आमच्या शेडसमोरूनच गेला. मागे ट्रॉलीत चुली, भांडी, दोन शेळ्या आणि माणसं. पंकजा पहिल्यांदाच ट्रॉलीत नव्हती. ती रस्त्याच्या कडेला उभी होती, पायाशी पिशवी, एसटीची वाट बघत, शेजारी सर. ट्रॉलीतून रंगुबाई ओरडत होत्या, "पोटभर खात जा! पोट मोकळं ठिवून वझं उचलू नगं!" बिभीषण पुढे बघत बसले होते. वळणावर मात्र त्यांनी टोपी काढून हात वर केला आणि ट्रॅक्टर दिसेनासा होईपर्यंत खाली घेतला नाही.

पुढे पंकजाने राज्य स्पर्धेत पदक मिळवलं. गावात फटाके वाजले, फलक लागला, आणि फलकावर पंकजापेक्षा शुभेच्छुकांचे फोटो मोठे होते, म्हणजे सगळं रीतीप्रमाणे झालं. मग ग्रामपंचायतीत सभा भरली. सरपंचांनी ठराव मांडला : ज्या बारवर पंकजा घडली, तो ग्रामपंचायतीच्या दर्शनी भागात काचेच्या कपाटात ठेवावा, वर दिवा, खाली नावाची पाटी. टाळ्या पडल्या. खरं सांगतो, मी क्षणभर मोहरलो. काच, दिवा, पाटी! गदेलासुद्धा कपाट नाही.

वैजनाथ अण्णा उठले. "सरपंच, काचंत ठिवायला तो मेलाय व्हय?"

अण्णांनी शेडच्या दिशेने बोट केलं.

"शेडमदी पोरी आल्यात. लाइन लागलीय. तुमी कपाट करा, त्यात तुमचा सत्काराचा नारळ ठिवा. बार मिळनार न्हाई."

ठराव बारगळला. त्या संध्याकाळी अण्णांनी माझ्या टोकाच्या नळ्या उघडल्या, आतल्या बेअरिंगमध्ये दोन थेंब तेल सोडलं, आणि मधल्या भागावर एक थेंब पडला तो स्वतःच्या धोतराने पुसून काढला.

मित्रांनो, माझं ऐका. तुमच्या घरातही कुणीतरी असेल, कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवलेलं, नाहीतर हार घालून भिंतीवर टांगलेलं. एखादी सायकल, एखादी बासरी, एखादी बॅट. प्रेमापोटीच ठेवलं असेल, मला कल्पना आहे. पण आम्हा वस्तूंना प्रेम कळतं ते हातांतून. मान दिलात, आभारी आहे. त्यापेक्षा मला उचला. पेललो नाही, तर खुशाल आपटा, पुन्हा उचला आणि पुन्हा आपटा. मला त्याचं काही वाटत नाही. फक्त रबरावर आपटा.